'बौद्धवाडा' जातिवाचक कसा झाला?

११ डिसेंबर २०२० रोजी महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाने शासन निर्णय काढला. गावं, वस्त्या आणि रस्ते यांची जातिवाचक नावं बदलायची. उदाहरणादाखल नावंही दिली : महारवाडा, बौद्धवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली. त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. निर्णय योग्य आहे, आपण त्याच्या बाजूने उभं राहिलं पाहिजे. पण ती यादी पुन्हा एकदा वाचा. महारवाडा आणि मांगवाडा यांच्या मध्ये 'बौद्धवाडा' बसला आहे. बौद्ध ही जात कधीपासून झाली?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली ती जात सोडण्यासाठी. दीक्षेनंतर आपल्या आजोबा-पणजोबांनी गावकीची कामं नाकारली, घरातले देव बाहेर काढले आणि वस्तीला बौद्धवाडा म्हणू लागले. त्या शब्दात बंड होतं. आणि चौसष्ट वर्षांनी तोच शब्द शासनाच्या यादीत जातिवाचक म्हणून आला. मंत्रालयातल्या कारकुनाची ही चूक नाही. गावागावांत त्या शब्दाचा जो अर्थ चालतो, तोच त्याने लिहिला. शब्द आपण बदलला, अर्थ गावाने बदलू दिला नाही. मग प्रश्न असा की उद्या 'भीमनगर'चंही हेच होणार नाही कशावरून?

या प्रश्नाला भिडण्याआधी एका जुन्या युक्तिवादाचा समाचार घेऊ. नामांतराचा विषय निघाला की कुणीतरी हसत म्हणतो, "अहो, नावात काय आहे? काम करा काम." हे म्हणणाऱ्यांचं स्वतःचं नाव बहुधा सन्मानाचं असतं. नावात काही नसतं तर २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केल्यावर मराठवाड्यात आपल्या वस्त्या का जळाल्या? पोचिराम कांबळे यांचा जीव का घेतला? एका नावासाठी सोळा वर्षं लढावं लागलं आणि १४ जानेवारी १९९४ ला मिळाला तो नामविस्तार. विरोध करणाऱ्यांना नावाची ताकद नीट कळत होती. एका विद्यापीठाच्या पदवीवर बाबासाहेबांचं नाव आलं की ती पदवी घेणाऱ्या प्रत्येकाला ते आयुष्यभर मिरवावं लागणार, हे त्यांना सहन होत नव्हतं.

नाव पाहून माणूस पारखला जातो याचा पुरावा संशोधनातही आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आला. खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा. काही अर्जांवर सवर्ण हिंदू वाटेल असं नाव, काहींवर दलित, काहींवर मुस्लिम. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. पदवी तीच, पात्रता तीच. अर्ज वाचणाऱ्याने माणूस पाहिलाच नव्हता, पाहिलं होतं फक्त नाव.

म्हणजे नाव नजर घडवतं. पण नावाला ही ताकद येते कुठून? आमच्या अकोले तालुक्यातलंच उदाहरण घ्या. तालुक्यात ब्राह्मणवाडा नावाचं गाव आहे, चांगलं मोठं महसुली गाव. 'ब्राह्मणवाडा' आणि 'महारवाडा', दोन्ही शब्दांची घडण एकच : पुढे जात, मागे वाडा. ब्राह्मणवाड्याचं तिकीट मागताना कुणाचा आवाज खाली जात नाही. नोकरीच्या अर्जावर तो पत्ता लिहिताना कुणाचा हात थांबत नाही. महारवाडा म्हणताना मात्र बोलणाऱ्याचा सूर बदलतो आणि ऐकणाऱ्याची मान खाली जाते. त्या गावातल्या कुणाला दोष देण्याचा इथे हेतू नाही. सांगायचं एवढंच की अपमान अक्षरांत नसतो. तो उतरंडीत असतो, अक्षरं फक्त तो वाहून आणतात. म्हणून तर एकच घडण असलेला एक शब्द नुसता पत्ता होतो आणि दुसरा शिवी होतो.

आणि नाव ठेवण्याची लेखणी कुणाच्या हातात आहे, यावर माणसाचा जीवही अवलंबून असतो. याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे. सावकार आणि इंग्रज सत्ता यांच्याविरुद्ध उठलेला महादेव कोळी समाजाचा हा वीर. इंग्रजांच्या कागदात ते दरोडेखोर. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. आज आपण त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणतो. माणूस तोच, कृती तीच. पुढे १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती 'गुन्हेगार' ठरवल्या. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, नाव 'विमुक्त' झालं. पण गावात चोरी झाली की पहिला संशय आजही पारध्याच्या पालावरच जातो. कागदावरचं नाव बदललं, पाहणाऱ्याची नजर तिथेच राहिली.

हे बाबासाहेबांना आधीच दिसलं होतं. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत लोकल बोर्ड कायद्यातल्या दुरुस्तीत 'हरिजन' शब्द घुसवला गेला. दादासाहेब गायकवाडांनी त्याला विरोध केला, बाबासाहेब बोलले, आणि बहुमताने तो शब्द लादला जातोय हे दिसल्यावर आपले लोक सभागृहातून बाहेर पडले. वरवर पाहता 'देवाची माणसं' हा गोड शब्द होता. पण तो ज्यांच्यासाठी होता त्यांना न विचारता वरून दिलेला होता, आणि अस्पृश्यता तशीच ठेवून दिलेला होता.

'अवे फ्रॉम द हिंदूज' या लेखात बाबासाहेब हाच मुद्दा पुढे नेतात. आपले लोक स्वतःला चोखामेळा म्हणवून घेत, इतरत्र कुणी रविदासी, कुणी आदिहिंदू. जुन्या नावाला चिकटलेला विटाळ टाळण्याची ती धडपड होती. पण हिंदू चौकटीत राहून घेतलेलं नवं नाव टिकत नाही, कारण समोरचा थांबत नाही, पुढचा प्रश्न विचारतो आणि शेवटी जात वदवून घेतो. म्हणून नाव बदलायचं तर चौकटच सोडायची, हा त्यांचा निष्कर्ष. धर्मांतराच्या अनेक कारणांपैकी हे एक, आणि आपण ते फार कमी वाचतो.

तो 'पुढचा प्रश्न' आजही जिवंत आहे. दीक्षेनंतर आपल्या घरांत सिद्धार्थ, मिलिंद, संघमित्रा, यशोधरा जन्मले. शूद्राचं नाव तिरस्कार वाटेल असं ठेवावं, हे सांगणाऱ्या मनुस्मृतीला दिलेलं ते पाळण्यातलं उत्तर होतं. त्या नावांनी आपल्या मुलांना ताठ मान दिली, हे कुणी नाकारू नये. पण नाव ऐकून समाधान झालं नाही की विचारतात, "आडनाव काय?" आडनावावरून कळलं नाही की, "गाव कुठलं?" मग, "गावात कुठे राहता?" वस्तीचं नाव हा त्या चौकशीतला शेवटचा प्रश्न असतो. तिथे आपण पकडले जातो.

आता 'गाव' हा शब्दच पाहा. आपली म्हातारी माणसं आजही म्हणतात, "जरा गावात जाऊन येतो." गावातच जन्मलेला, गावातच मतदान करणारा माणूस गावात जाऊन येतो! म्हणजे तो राहतो ती जागा गाव नाही. पाटलांच्या, देशमुखांच्या आळीला बऱ्याचदा वेगळं नावच लागत नाही, तीच 'गाव' असते. नाव लागतं ते बाहेर ठेवलेल्यांना. इथेच शासन निर्णयाची मर्यादा दिसते. फक्त आपल्या वस्तीची पाटी बदलली तर तिच्यावर नवं नाव येईल, पण ती 'गाव' होणार नाही. उलट समतेचं, भीमाचं, क्रांतीचं नाव फक्त एकाच टोकाला लागलं की तेच नाव त्या टोकाची खूण होतं. बौद्धवाड्याचं जे झालं ते भीमनगरचं होतं. आणि मग एक दिवस 'भीमनगर' जातिवाचक म्हणून बदलायचा नवा निर्णय निघेल. बाबासाहेबांचं नाव जातीची खूण ठरवणारा निर्णय!

यावर एक खोचक सवाल येतो. "जातीचं नाव नको म्हणता, मग जातीचा दाखला कशाला काढता?" उत्तर सोपं आहे. दवाखान्यात केसपेपरवर रोगाचं नाव लिहितात ते उपचारासाठी. त्या नावाने रोग्याला गल्लीत हाका मारत नाहीत. दाखल्यावरचं नाव हजारो वर्षांच्या नुकसानीची नोंद आहे. भरपाई होईपर्यंत ती नोंद राहील. वस्तीच्या पाटीवरचं नाव ही नोंद नसून हाक आहे. दोन्हींत गल्लत करणाऱ्याला भरपाईही नको आहे आणि हाकही सोडायची नाही.

याच न्यायाने शासनालाही विचारू या. योजनांच्या कागदांवर आजही 'नवबौद्ध' लिहिता. दीक्षा घेतलेल्यांची पतवंडं आता शाळेत जातात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात पासष्ट लाखांहून अधिक बौद्ध नोंदले गेले. आम्ही अजून किती पिढ्या 'नव' राहायचं?

मग करायचं काय? तरुण मित्रांनो, ग्रामसभा आपल्या हातात आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवशी भाषणं ऐकून घरी येऊ नका. ठराव मांडा, आणि तो फक्त आपल्या वस्तीचा मांडू नका. अख्ख्या गावाच्या आळ्या, गल्ल्या, रस्ते यांची जातीची नावं एकाच ठरावात बदला. बाबासाहेबांचं नाव मुख्य पेठेच्या रस्त्याला मागा. सावित्रीबाई, फातिमा शेख, शाहू महाराज, आमच्याकडे राघोजी भांगरे, ही नावं सगळ्या गावात विखरून लावा, म्हणजे कुठलंच नाव एका जातीची खूण राहणार नाही. ठराव झाल्यावर घरपट्टीचं रजिस्टर, मतदार यादी, शाळेचा दाखला, वीजबिल यांत नवं नाव चढेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आणि जिल्हाभराच्या कचेऱ्यांची कागदपत्रं बदलायला निघाली. जिल्ह्याचं नाव बदलता येतं, तर एका वस्तीची नोंद बदलायला अडचण कसली?

आणि त्याच ग्रामसभेत त्याच दिवशी दुसरा ठराव ठेवा. गावची स्मशानभूमी एक असेल, पाण्याची टाकी एक असेल, डांबरी रस्ता वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबणार नाही. पहिल्या ठरावाला टाळ्या वाजवणारे किती हात दुसऱ्या ठरावाला वर होतात ते मोजा. गावाने नाव बदललं की फक्त पाटी रंगवली, हे त्या हातांच्या संख्येवरून कळेल.

जय भीम.