दोन महिन्यांची मुदत

देवळाच्या पायरीवर अर्भक सापडले की ‘निर्दय माता’ हा मथळा तयारच असतो. त्या मथळ्यात पित्याला जागा नसते आणि मातेच्या आदल्या सहा महिन्यांची चौकशी करावी, असे कोणास सुचत नाही. पोट दिसू लागताच सुटलेले काम, थकलेले भाडे, माहेरचे बंद झालेले दार, हा हिशेब मांडल्यावाचून त्या कृत्याचा अर्थ लागणे शक्य नाही.

कायदा या बाबतीत समाजाहून शहाणा म्हणावा लागेल. बारा वर्षांखालील मूल टाकून देणे हा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र असा गुन्हा आहे, हे खरे. परंतु २०१५ च्या बालन्याय कायद्याने मूल बालकल्याण समितीकडे रीतसर सोपविण्याची वाट मोकळी ठेवली आणि त्यावर फेरविचार करण्यास जन्मदात्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. मुदत दिली, पण त्या मुदतीत बाळंतिणीने खावे काय आणि राहावे कोठे? पोटाची सोय नसेल, तर फेरविचार हा शब्द केवळ कागदावरचा ठरतो.

जोतीराव फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा पहिली सोय केली ती बाळंतपणाची. विधवेने गुप्तपणे यावे, सुखरूप मोकळे व्हावे. मूल न्यावे की ठेवावे, हे तिच्या खुषीवर. आसरा आधी, निर्णय मागून, असा तो क्रम होता. आज तो उलटा झाला आहे. आईपासून तुटलेल्या मुलासाठी संस्था, इमारत, नोकरवर्ग, सारे सिद्ध असते. आईजवळ राहिलेल्या मुलासाठी असतो अर्जाचा नमुना.

पैसा मुळीच नाही, असेही नव्हे. महाराष्ट्रातील बालसंगोपन योजनेचे अनुदान २०२३ साली दरमहा ११०० रुपयांवरून २२५० रुपये झाले. विधवा, घटस्फोटित वा कुटुंबाने टाकलेल्या मातेच्या मुलास प्रायोजकत्व देता येईल, असे बालन्याय कायदाच सांगतो. अडचण आहे ती वेळेची. दाखले, चौकशी, समितीची मंजुरी, या वाटेने येणारी रक्कम बाळंतिणीच्या पहिल्या महिन्यात हाती कशी पडावी? अविवाहित मातेला पित्याचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ सालीच दिला. तरी खिडकीवरच्या कारकुनाचा पहिला प्रश्न बहुधा तोच असतो.

अशा मदतीने अनाचार बोकाळेल, ही शंका जुनीच आहे. महिना सव्वादोन हजारांसाठी कोणी लोकापवाद पत्करील, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही नियमात बसत नाही. समर्पणाचा अर्ज आला त्याच दिवशी समितीच्या केवळ शिफारशीवर अनुदान सुरू व्हावे, दाखले मागाहून गोळा करावेत आणि माय-लेकरांना एकत्र राहता येईल असा निवारा त्या मुदतीपुरता मिळावा. बालसंगोपनाच्या दराने दोन महिन्यांचे हे अनुदान होते ४५०० रुपये.