ब्रीद 'एकता, साक्ष, सेवा', पण सीएनआय चर्चमध्ये मालमत्तेचे वाद का होतात?

जुनं दगडी चर्च, मागे शाळा, शेजारी एखादा दवाखाना आणि गेटवरच्या पाटीवर 'सीएनआय' अशी अक्षरं. असं आवार महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत दिसतं. सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, आणि तिचं ब्रीद आहे 'एकता, साक्ष, सेवा'. यातल्या पहिल्याच शब्दाची सर्वांत कठीण परीक्षा कोर्टात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. असं का, हे समजण्यासाठी आधी नागपूरला जावं लागेल.

सहा चर्चेसची एक चर्च कशी झाली?

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरमध्ये सहा प्रोटेस्टंट चर्चेस एकत्र आल्या आणि सीएनआय स्थापन झाली. अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बाप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट अशा या सहा चर्चेस. चर्चा 1929 पासून सुरू होती, म्हणजे एकत्र यायला चाळीस वर्षं लागली. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट तर अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर पडले.

एवढा वेळ लागण्याचं कारण म्हणजे मतभेद खरे होते. अँग्लिकन मंडळींमध्ये तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो. बाप्टिस्ट आणि ब्रेदरन म्हणतात, माणसाने समजत्या वयात स्वतः विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा घ्यावा. यावर सीएनआयने काढलेला तोडगा मला आजही या चर्चचं सर्वांत मोठं काम वाटतं: दोन्ही पद्धती मान्य. ज्या कुटुंबाला बाळाचा बाप्तिस्मा नको, ते बाळाला प्रार्थनेत देवाला समर्पित करतं, बाप्तिस्मा मोठेपणी. कोणालाही आपली श्रद्धा सोडावी लागली नाही.

महाराष्ट्राचा यात मोठा वाटा होता. अहमदनगरची (आताचं अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशन, जिच्या कामाशी रेव्हरंड ना. वा. टिळक जोडलेले होते आणि जिथून 1842 मध्ये 'ज्ञानोदय' सुरू झालं, तिच्या मंडळ्या युनायटेड चर्चमार्फत या एकीकरणात आल्या.

ध्येयात नेमकं काय म्हटलंय?

सीएनआय स्वतःला 'एकत्र आलेली आणि एकत्र आणणारी' चर्च म्हणवते. सुवार्ता सांगणं हे पहिलं काम. त्याचबरोबर जात, वर्ग, लिंगभेद, आर्थिक विषमता आणि निसर्गाचं शोषण यांच्या भिंती पाडणं हेही तिच्या ध्येयात आहे. जातीचा उल्लेख वरवरचा नाही. महाराष्ट्रातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांमधली बरीच कुटुंबं दलित समाजातून आलेली आहेत. लिंगभेदाच्या बाबतीत मात्र वाटचाल संथ आहे: सीएनआयला पहिली महिला बिशप 2024 मध्ये मिळाली, तीही ओडिशातल्या फुलबनी धर्मप्रांतात.

मग भांडण कुठे आहे?

1970 मध्ये माणसं एकत्र आली, जमिनी तितक्या सहज एकत्र आल्या नाहीत. मिशनऱ्यांच्या काळातल्या चर्च, शाळा, बंगले वेगवेगळ्या ट्रस्टच्या नावावर होते. पश्चिम भारतात हे ट्रस्ट 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली नोंदलेले. मंडळीने ठराव केला, 'आम्ही आता सीएनआय', पण ट्रस्टच्या नोंदीचं काय?

गुजरातमधल्या ब्रेदरन चर्चचं प्रकरण याच मुद्द्यावर सुप्रीम कोर्टात गेलं. 2013 मध्ये कोर्टाने सांगितलं की, केवळ ठराव करून जुना ट्रस्ट संपत नाही आणि त्याची मालमत्ता सीएनआयकडे जात नाही. त्यासाठी कायद्याने घालून दिलेली प्रक्रिया पार पाडावी लागते. हाच कायदा महाराष्ट्रातही असल्याने इथल्या वादांतही हा निकाल महत्त्वाचा ठरतो.

आणि जमीन म्हणजे शहराच्या ऐन मध्यातली जमीन. कायद्याच्या कलम 36 नुसार ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. साहजिकच खरे विश्वस्त कोण, या प्रश्नाला बाजारभावाएवढी किंमत येते. बाप्तिस्म्यावर तडजोड झाली कारण दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदू शकतात. एका भूखंडाला दोन मालक चालत नाहीत.

2022 मध्ये काय झालं?

सप्टेंबर 2022 मध्ये सीएनआयच्या तत्कालीन मॉडरेटरना, म्हणजे सर्वोच्च पदाधिकाऱ्यांना, मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेने अटक केली. शाळांच्या फीचे पैसे वळवल्याचा आरोप होता. अटक झाली ती नागपूर विमानतळावर, जिथे ही चर्च जन्माला आली त्याच शहरात. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे. पण 'सेवा' ज्या शाळांमधून दिसते, त्यांच्या हिशेबावरच बोट ठेवलं गेल्याने सामान्य सभासद अस्वस्थ झाला.

बिशप, धर्मप्रांताची परिषद आणि त्यावर सिनड अशी रचना कागदावर लोकशाहीची आहे. मंडळ्यांचे निवडलेले प्रतिनिधी तिथे बसतात. अडचण अशी की शाळा, ट्रस्ट आणि धर्मप्रांत या तिन्ही ठिकाणी अनेकदा तीच ती माणसं असतात. हिशेब देणारा आणि विचारणारा एकच असेल तर परिषदेला विचारायला उरतं काय?

सभासदाच्या हातात एक साधी गोष्ट आहे. आपल्या मंडळीचं आवार ज्या ट्रस्टच्या नावावर आहे, त्याच्या नोंदीचा उतारा जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करून मागता येतो. विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत आणि कोणती मालमत्ता नोंदलेली आहे, हे त्यात दिसतं. काही ठिकाणी तिथे अजूनही 1970 पूर्वीच्या मिशनचं नाव सापडलं, तर आश्चर्य वाटायला नको.