सव्वाआठ फुटांची वाट

राहनाळच्या कोणाहि शेतकऱ्यास विचारा, "बाबा, तुझ्या सातबाऱ्यावर क्षेत्र किती?" तो गुंठ्यांसह तोंडपाठ सांगेल. शेजाऱ्यानें वीतभर बांध कोरला, तर तो कोर्टाची पायरी चढावयास मागेंपुढें पाहत नाहीं. परंतु "गांवच्या नकाशावर पायवाटा किती?" असें विचारलें तर तो आपल्या तोंडाकडे पाहत राहील. जी जमीन एकट्याची, तिचा हिशेब घरोघर आहे. जी वाट सर्वांची, तिचा हिशेब कोणापाशींच नाहीं. आणि ज्या मालाचा हिशेब धनी ठेवीत नाहीं, तो माल चोराचा होतो, हा जगाचा अनुभव आहे.

ठाणें-भिवंडी रस्त्यानें कशेळीकडून काल्हेर, पूर्णा, राहनाळ असें या. जेथें भाताचीं खाचरें होतीं, तेथें आज पत्र्याचीं गोदामें उभीं आहेत. मुंबईच्या जकातीबाहेर माल ठेवण्याच्या सोयीनें हा धंदा इकडे वाढला. १ जुलै २०१७ रोजीं जकात गेली, तरी गोदामें वाढतच राहिलीं. गोदामांशीं आमचें वैर नाहीं. त्यांत आमचीं पोरें ओझीं उचलतात, टेम्पो हाकतात; त्यांच्या भाड्यावर कित्येक घरांची चूल पेटते. आमचें भांडण आहे तें गोदामाच्या भिंतीशीं, आणि तेंहि ती भिंत वाटेवर आली तरच.

वाट एका दिवसांत मरत नाहीं. आधीं बाजूच्या शेतांत मातीचा भराव पडतो. पावसाळ्यांत पाणी तुंबतें, वाटेवर गुडघाभर चिखल होतो, लोक वळसा घेऊन जाऊं लागतात. मग "कोणी जात नाहीं" म्हणून तारेचें कुंपण येतें. पुढें फाटक लागतें, फाटकावर पहारेकरी बसतो, आणि ज्याचा आजा-पणजा त्या वाटेनें गेला त्यालाच तो विचारतो, "किधर जाना है?" शेवटीं भिंत येते. चार वर्षांनीं शाळेंतल्या पोरास येथें वाट होती हें खरेंहि वाटत नाहीं.

ह्यांत नुकसान कोणाचें? मोटारवाल्याचें नाहीं, त्याला डांबरी रस्ता आहे. नुकसान डोक्यावर भाऱ्याचें ओझें घेऊन जाणाऱ्या बाईचें आहे. यंत्रमागावर पाळी करून पायीं घरीं परतणाऱ्या विणकराचें आहे. खांद्यावर पाग टाकून निवट्या-खेकड्यांसाठीं खाडीवर जाणाऱ्या कोळ्याचें आहे. ओहोटी कोणासाठीं थांबत नाहीं. कंटेनरांच्या रांगांतून कोसभर वळसा घेऊन तो तिवरांपाशीं पोंचतो तोंवर पाणी चढलेलें असतें आणि त्या दिवसाची भाकरी बुडालेली असते. ह्याच खाडीच्या आधारानें कल्याण-भिवंडी हीं बंदरें नांवारूपास आलीं. १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं हीं दोन्ही गांवें घेतलीं आणि मराठ्यांच्या आरमाराचा पाया येथें पडला. ज्या पाण्यावर राज्याचें आरमार उभें राहिलें, त्या पाण्यापर्यंत कोळ्याच्या पोरास पोंचतां येऊं नये, ही केवढी शरमेची गोष्ट!

आतां कायदा काय म्हणतो तें पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम २० प्रमाणें सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, पायवाटा, नद्या, नाले आणि भरतीच्या रेषेखालील खाडीचा तळ, जें दुसऱ्या कोणाच्या मालकीचें नाहीं तें सर्व, सरकारचें आहे. म्हणजे तें लोकांसाठीं सांभाळणें हें सरकारचें काम आहे. अशी वाट बंद करावयाची तर कलम २१ प्रमाणें जिल्हाधिकाऱ्यानें जाहीर नोटीस काढून लोकांच्या हरकती ऐकल्या पाहिजेत. गोदामवाल्यास किंवा त्याच्या दलालास हा अधिकार कोणींहि दिलेला नाहीं. गांवनकाशांत गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेनें दाखवितात आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेनें. ती बारीक रेघ म्हणजे जमिनीवर सव्वाआठ फूट रुंदीची वाट होय. तिच्यावर कोणी भिंत बांधली तर तें अतिक्रमण आहे. तें काढण्याचा अधिकार कलम ५० प्रमाणें जिल्हाधिकाऱ्यास आहे, आणि सार्वजनिक रस्त्यावरील अडथळा दूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५३ प्रमाणें खुद्द ग्रामपंचायतीसहि आहे.

जी वाट नकाशावर नाहीं, परंतु वहिवाटीची आहे, तिची गोष्ट निराळी. तिच्यासाठीं १९०६ चा मामलेदार कोर्टांचा कायदा आहे. वाट अडविल्यापासून सहा महिन्यांच्या आंत तहसीलदाराकडे दावा दिला पाहिजे. हे सहा महिनेच आमचा घात करतात. आम्ही म्हणतों, "पावसाळा जाऊं दे", "लगीनसराई उरकूं दे", "निवडणूक होऊं दे". भिंत बांधणाऱ्यास हें पक्कें ठाऊक असतें. तहसीलदाराचा दरवाजा एकदां बंद झाला म्हणजे दिवाणी कोर्टाचा लांबचा रस्ता राहतो, आणि त्या रस्त्यावर गरिबाची चप्पल झिजते, श्रीमंताची झिजत नाहीं.

जोतीरावांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांत गायरानें व रानें जंगलखात्यानें गिळल्याचें गाऱ्हाणें आहे. त्या काळीं लेखणी कुळकर्ण्याच्या हातीं होती. दप्तरांत काय लिहिलें आहे हें कुणब्यास वाचतां येत नव्हतें. शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं आपल्या संस्थानांतील कुळकर्णी वतनें काढून टाकलीं, तीं ह्याच दुखण्यावर उपाय म्हणून. आज दप्तर उघडें आहे, सातबारा मोबाइलावर दिसतो, घरोघर पोरगा-पोरगी शिकलेली आहे. तरीहि वाट मरते! तेव्हां ह्या खेपेस दोष एकट्या कुळकर्ण्यावर टाकून चालणार नाहीं. विद्या आली, पण ती गांवाच्या कामास लावली नाहीं, हा दोष आमचा आहे.

आणखी एक कडू गोष्ट बोलतों. जमीन विकणारा आमचाच भाऊ, दलाली खाणारा आमचाच भाऊ, आणि "वाट होती कोठें?" म्हणून साक्ष देणाराहि पुष्कळदां आमचाच भाऊ असतो. दुसरें असें कीं, वाट मागणारानें दुसऱ्याची वाट अडवूं नये. कातकरी वाडीची, बौद्धवाड्याची, विणकरांच्या मोहल्ल्याची वाट आपल्या बांधावरून जात असेल तर तीहि तितकीच पवित्र आहे. आपल्या ब्राह्मणेतर चळवळींतले सीताराम केशव बोले यांनीं १९२३ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस मोकळ्या करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. तो ठराव कागदावरच राहूं नये म्हणून १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांना महाडच्या तळ्यावर जावें लागलें. सार्वजनिक ह्या शब्दाचा अर्थ 'आमच्यापुरतें' असा नाहीं.

पैसेवाल्यांपुढें गरिबाचें काय चालणार, असें म्हणणारांनीं गोव्याकडे पाहावें. पणजीजवळ ताळगांवच्या हद्दींत वायंगिणीचा समुद्रकिनारा आहे. तेथें एका बड्या हॉटेलाच्या बांधकामानें किनाऱ्याची वाट अडली. लोक कोर्टांत गेले. २० जानेवारी २००९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें वाट मोकळी ठेवण्याचा निकाल दिला. अशा सार्वजनिक संपत्तीचें सरकार हें विश्वस्त आहे, हें तत्त्व उचलून धरलें. त्याच वर्षीं गोवा सरकारनें कायद्यांत दुरुस्ती करून हॉटेलाचें बांधकाम वांचविलें, हेंहि सांगितलें पाहिजे. म्हणजे निकाल मिळाला तरी पहारा सोडतां येत नाहीं. पण न भांडतां निकालहि मिळाला नसता.

तेव्हां राहनाळच्या व आसपासच्या गांवकऱ्यांस आमचें सांगणें थोडकें आहे. भूमि अभिलेख कचेरींतून गांवनकाशाची नक्कल आणा. शिकलेलीं पोरें आणि गांवांतले म्हातारे-म्हाताऱ्या यांना बरोबर घेऊन एक दिवस सगळ्या वाटा पायांखालीं घाला. कोठें भराव पडला, कोठें फाटक लागलें, तें तारखेसह लिहून ठेवा. ती यादी ग्रामसभेंत वाचा आणि ठरावासह तहसीलदारांकडे द्या. पोंच घ्यावयास विसरूं नका. शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' सदरीं घ्यावी असा निर्णय सरकारनें मे २०२५ मध्यें काढला आहे. ती नोंद मागून घ्या. सभेला बायकांना आधीं बोलवा, कारण कोणती वाट कधीं बंद झाली हें त्यांच्या पायांस सर्वांत आधीं कळतें.

जमीन विकली तर पैसा तरी हातीं येतो. वाट गेली तर कांहींच येत नाहीं, आणि ती गेल्याची पावतीहि कोणी देत नाहीं.