कात्री संकलकाची, मालकी निर्मात्याची

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संकलकाचे नाव ठळक अक्षरांत येते. पुढच्या मिळकतीत मात्र ते सहसा कुठेच नसते. १९८३ चा ‘जाने भी दो यारो’ घ्या. त्याचे संकलन रेणू सलुजा यांचे. चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या या संकलिकेचे २००० साली निधन झाले. २०१२ मध्ये तो चित्रपट पुन्हा चित्रगृहांत लागला. करारात वेगळे लिहिले नसेल, तर अशा उत्पन्नावर संकलकाचा वा त्याच्या वारसांचा कायद्याने हक्क पोहोचत नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या लेखी चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. त्याचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे टिकतो. संकलकाला मिळते ती ठोक रक्कम, तीही हप्त्याहप्त्याने. शेवटचा हप्ता अनेकदा प्रदर्शनावर लटकलेला असतो. चित्रपट डब्यात गेला, की हप्ताही डब्यात!

२०१२ च्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकार आणि पटकथालेखक यांचा चित्रगृहाबाहेरच्या वापरावरील रॉयल्टीचा हक्क राखला. मूळ विधेयकात मुख्य दिग्दर्शकालाही सहकर्ता मानले होते, ती तरतूद गळाली. संकलक या यादीत नव्हताच.

निर्माते विचारतील, चित्रपट पडला तर संकलक तोटा भरून देणार आहे का? प्रश्न रास्त आहे. भांडवल ज्याचे, जोखीम त्याची, हे बँकेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला कोणी सांगायला नको. पण हप्ता थकतो तेव्हा संकलकही जोखीमच उचलतो. फक्त तिची नोंद कोणत्याही खातेवहीत होत नाही.

हॉलिवूडमध्ये संकलकांसह इतर तंत्रज्ञांच्या संघटनांनी मधला मार्ग काढला. चित्रपट पुढे दूरचित्रवाणीसारख्या माध्यमांतून कमावू लागला, की त्यातला ठरावीक हिस्सा तंत्रज्ञांच्या निवृत्तिवेतन आणि आरोग्य निधीत जमा होतो. थेट हातात पैसा पडत नाही, पण म्हातारपण आणि आजारपण यांची सोय होते.

आपल्याकडे तोवर करारपत्र हाच आधार. त्यात ‘नफ्यात दोन टक्के’ लिहून घेणे फसवे. नफा निर्मात्याच्या हिशेबावर ठरतो आणि जाहिरात, व्याज वजा जाता तो उरेलच असे नाही. त्यापेक्षा अर्धा टक्का का होईना, एकूण वसुलीत मागावा आणि हिशेब तपासण्याचा हक्कही लिहून घ्यावा. घरातले मूल पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकायला निघाले असेल, तर पालकांनी फीची तजवीज जरूर करावी. त्याबरोबर, सही करण्यापूर्वी करार वाचायलाही त्याला शिकवावे.