सिडनीच कशाला?

ढाणकीतून उमरखेड, तिथून नांदेड नाहीतर पुणं, आणि आता एकदम ऑस्ट्रेलिया! फॉर्म भरताना तुमचं बोट सिडनी-मेलबर्नवरच जातं ना? बाकीची नावं ऐकलेलीच नसतात, दुसरं काय.

पण व्हिसाचा हिशेब वेगळा आहे. २०१९पासून सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरं सोडली तर जवळपास सगळा देश तिथे ‘रिजनल’ धरतात. म्हणजे पर्थ, ॲडलेडसारखी भरभक्कम शहरंसुद्धा! तिकडे किमान दोन वर्षं राहून शिकलात, तर कायम राहण्यासाठी लागणाऱ्या गुणांत ५ गुण जादा मिळतात. शिवाय ४९१ क्रमांकाचा ५ वर्षांचा व्हिसा खास याच भागांसाठी आहे.

आता दुसरी बाजू. अगदी लहान गावात गाडीशिवाय पान हलत नाही. पार्टटाइम कामंही मोजकीच. विद्यार्थ्याला शिकताना पंधरवड्यात ४८ तासच काम करता येतं. तेवढंही मिळालं नाही तर पैसे मागायचे कुणाला? बाबांना? त्यांनी आधीच वावर गहाण टाकलंय. सिडनीत काम मिळेल, पण खोलीचं भाडं ते गिळून टाकेल.

आमचं मत विचाराल तर ॲडलेडसारखं मधलं शहर बरं. एजंट मात्र त्याचं कमिशन बघून बोलतो. त्याला एवढंच विचारा: कॉलेजपासून खोली किती लांब, आणि रविवारी बस असते का?