भोकाचे तीन पैसे आणि एक गोधडी

जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२० च्या संस्कृती गटाची बैठक झाली. तिथे संडूरच्या साडेचारशेहून अधिक लंबाणी स्त्रियांच्या भरतकामाच्या १,७५५ वस्तू मांडल्या गेल्या आणि गिनीज बुकात विक्रम नोंदला गेला. विक्रम वस्तूंच्या संख्येचा होता. एका वस्तूला किती दिवस लागले, दिवसाकाठी बाईच्या हातात काय पडले, हे मी वाचलेल्या एकाही बातमीत नव्हते.

अशी एक वस्तू आमच्याही घरी आहे. पुसदकडच्या आमच्या तांड्यात, पत्र्याच्या पेटीत ठेवलेली, आजीच्या सासूने शिवलेली गोधडी. या उन्हाळ्यात संशोधनाच्या निमित्ताने मी ती मोजपट्टी आणि वही घेऊन पुन्हा उलगडली. आत जुन्या फेट्यांचे थर. वर गडद लाल जाडेभरडे कापड, कडेने त्रिकोणी ठिगळांची रांग, मधल्या चौकोनात आरसे. चारही कोपऱ्यांना कवड्यांचे झुबके आणि त्यांखाली पांढऱ्या-निळ्या काचमण्यांच्या सरी. एका कोपऱ्यातले मणी कधीतरी तुटले असावेत, तिथे शर्टाची बटणे ओवली आहेत. आणि एका बाजूला, आरशांच्या ओळीतच, भोकाचे तीन पैसे टाचलेले.

भोकाचा पैसा ब्रिटिश सरकारने १९४३ ते १९४७ या काळात पाडला. म्हणजे गोधडीचा निदान तो भाग १९४३ च्या आधीचा नाही. लिहिता न येणाऱ्या बाईने स्वतःच्या कामावर घातलेली ही तारीखच म्हणायची. संग्रहालयाच्या पाटीवर अशा कापडाखाली ‘बंजारा, विसावे शतक’ एवढेच लिहून मोकळे होतात.

कवडीचेही तसेच आहे. मालदीवच्या समुद्रातून आलेली कवडी बंगालपासून ओडिशापर्यंत शतकानुशतके चलन होती. एकोणिसाव्या शतकात ती बाजारातून बाद झाली. त्याच शतकात आमची लदेणीही बाद झाली. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर फिरणारे तांडे १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या फौजेलाही रसद पोचवत होते. पुढे रेल्वे आली, मिठावर सरकारचा ताबा आला, आणि १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. ज्यांच्या भरवशावर फौजा जेवल्या, त्यांचीच अनेक ठिकाणी जन्मजात गुन्हेगार म्हणून नोंद झाली. हा कायदा १९५२ मध्ये उठला. गोधडीवर पैसे टाचले जात होते तेव्हा तो लागू होता. बाद झालेले चलन कापडावर चढवणाऱ्या बायकांना नुसते ‘नटण्याची हौस’ होती असे मानणे मला पटत नाही.

आता हीच गोधडी शहरांतल्या प्रदर्शनांत ‘व्हिंटेज’ म्हणून विकली जाते. कधी ‘बोहो’, कधी ‘जिप्सी’. सोफ्यावर टाकली की अभिरुची. पण फेट्या-काचळी घालून आजी तालुक्याच्या बाजारात जायची तेव्हा लोक हसायचे, आणि एसटीत शेजारची बाई पदर आवरून सरकून बसायची. म्हणून माझ्या याडीने साडी नेसायला सुरुवात केली. तिने भरतकाम सोडले त्याचे कारण मात्र वेगळे. ऊसतोडीच्या टोळीत पहाटे तीनला उठून मोळ्या बांधणारी बाई मणी कधी ओवणार? ‘नव्या पिढीला परंपरेची आस्था उरली नाही’ असे हळहळणाऱ्यांनी एकदा कोयत्याचा हिशेब मांडावा.

गायकीला घराणे असते. कोण कोणाकडे शिकला याची वंशावळ तोंडपाठ सांगितली जाते. आमच्या टाक्यांनाही नावे आहेत: किलण, वेले, बख्या, मकी. तेही कुणीतरी कुणालातरी शिकवले. पण तिथे गुरूही नाही, शिष्याही नाही, सगळे एकदम ‘पारंपरिक’. जातिव्यवस्था श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले. कलेच्या जगात ती विभागणी ‘डिझायनर’ आणि ‘कारागीर’ अशा गोड शब्दांत चालते. पहिल्याची सही असते, दुसरीचा फोटो असतो.

राज्यसंस्थेचे तर विचारूच नका. हाच टाका घालणारी बाई कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणा आणि आंध्रात अनुसूचित जमाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. सीमा ओलांडली की मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज बदलतो. प्रदर्शनात मात्र चारही राज्यांत ती ‘ट्रायबल’च.

हे सगळे सवर्णांना सुनावणे सोपे आहे, आणि ते सुनावलेच पाहिजे. पण गोधडी पाहताना एक प्रश्न आमच्याच तांड्याला विचारावा लागतो. तांड्याबरोबर ढाडी असत, ढालिया असत. आमच्या लग्नात डफ त्यांनी वाजवायचा, बेटीव्यवहार मात्र त्यांच्याशी नाही. बंजारा अस्मितेच्या भाषणांत संत सेवालाल येतात, लदेणी येते, ‘गोर’ असण्याचा अभिमान येतो. ढालियांची वस्ती तांड्याच्या कोणत्या टोकाला होती, हे कुणी सांगत नाही.

मी आत्याला विचारले, ही गोधडी कुणाच्या लग्नात दिली होती. तिने नाव सांगितले, किती बैलगाड्या आल्या होत्या तेही सांगितले. वाजवायला कोण होते, असे विचारल्यावर म्हणाली, “ढालियाच की, दुसरं कोण वाजवणार?” त्यांची नावे विचारली. ती थोडा वेळ आठवत राहिली, मग गोधडीची घडी घालायला लागली. वहीत त्या रकान्यासमोर मी जागा मोकळी ठेवली आहे. पुढच्या महिन्यात ढालियांच्या वस्तीत जायचे आहे. तिथेही कुणाच्या पेटीत अशी एखादी गोधडी असेल, तर तिच्यावर काय टाचले आहे ते पाहायचे आहे.