जादा न्हाणीघराचा राग

१९ फेब्रुवारी २००९. शिकागोच्या वायदेबाजारातून सीएनबीसी वाहिनीचे रिक सँटेली गरजले : जादा न्हाणीघर बांधून कर्ज थकवणाऱ्या शेजाऱ्याचे हप्ते कोण भरणार? भोवतालच्या दलालांनी त्या शेजाऱ्याची हुर्यो उडवली. ओबामांनी आदल्याच दिवशी घरमालकांसाठी ७५ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली होती. चार महिन्यांपूर्वी वित्तसंस्थांसाठी ७०० अब्ज मंजूर झाले, ती मात्र म्हणे ‘व्यवस्था वाचवण्याची’ निकड! सरकारी पैशावर तगलेल्या एआयजी या विमा कंपनीने मार्चमध्ये १६.५ कोटी डॉलरचे बोनस वाटले. करारच होता ना. गरिबाला शिस्त, आपल्याला करार, असा हा बाणा. सँटेलींच्या त्या आरोळीने ‘टी पार्टी’ या सरकारी खर्चविरोधी चळवळीला बळ मिळाले आणि २०१० मध्ये रिपब्लिकनांनी प्रतिनिधिगृह काबीज केले.